उसनी गाणी, आपला गळा

कोल्ह्याची शिकार रात्री करायची असते. गाडी अंधारात हळूहळू पुढे न्यायची, हातातला झोतदिवा माळावरून फिरवत राहायचा आणि दूरवर दोन डोळे चमकले की गाडी उभी करायची. कोल्हा फार वेळ देत नाही. तेवढ्यात नेम धरावा लागतो, आणि गोळीही अशी बसावी लागते की कातडं खराब होणार नाही, कारण पैसे कातड्याचेच मिळतात. हिवाळ्यात लव दाट होते तेव्हा भाव चांगला येतो. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात फरच्या कोटांना मोठी मागणी होती आणि ऑस्ट्रेलियातल्या लाल कोल्ह्याच्या कातड्यांना गिऱ्हाइकांची वाण नव्हती. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या साउथएंड या कोळ्यांच्या गावातला बिल चेंबर्स या धंद्यासाठी बायकामुलांसह नलारबॉरच्या मैदानावर गेला. थोरला नॅश तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. धाकटी केसी 4 जून 1976 रोजी माउंट गॅम्बियरला जन्मलेली, म्हणजे अवघी काही आठवड्यांची.

पुढे हीच केसी चेंबर्स ऑस्ट्रेलियाची सर्वांत लाडकी कंट्री गायिका आणि गीतकार झाली. कोल्ह्यांच्या शिकाऱ्याची मुलगी ही ओळख पत्रकारांना भुरळ घालणारीच आहे, त्यामुळे तिच्याबद्दलचा प्रत्येक लेख नलारबॉरपासून सुरू होतो. हाही झाला. पण मैदानावरून थेट प्रसिद्धीच्या शिखरावर अशी उडी मारली, तर मधली दहा-बारा वर्षं गळून पडतात. त्या वर्षांत ती दुसऱ्यांची गाणी गात दारूच्या गुत्त्यांतून आणि क्लबांतून वाढली. तिची स्वतःची गाणी जी आहेत, जशी आहेत, ती त्या वर्षांमुळे.

नलारबॉर म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं चुनखडीचं अफाट सपाट मैदान. क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर. झाड औषधालाही सापडायचं नाही, सगळीकडे नुसती खुरटी झुडपं. सिडनीहून पर्थला जाणारा रेल्वेमार्ग या मैदानावरून जातो आणि सलग 478 किलोमीटर त्याला एकही वळण नाही. अशा मुलखात चेंबर्स कुटुंब वर्षातले कितीतरी महिने गाडीतून फिरत, उघड्यावर मुक्काम करत राहायचं. उन्हाळा आला की साउथएंडला परतायचं, थंडी पडू लागली की पुन्हा निघायचं. स्वयंपाक विस्तवावर. मुलांची शाळा पोस्टानं यायची आणि आई डायन त्यांचे धडे करून घ्यायची. रात्री शिकार, दिवसा झोप, असा बापाचा दिनक्रम.

कोल्हा हा ऑस्ट्रेलियाचा मूळचा प्राणीच नव्हे. इंग्रज वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी तो आणला, त्याच सुमारास ससेही आणले, आणि दोघांनी मिळून तिथल्या लहानसहान प्राण्यांचा फडशा पाडला. त्यामुळे कोल्हे मारणाऱ्याकडे तिथे कुणी वाईट नजरेनं पाहत नसे.

टीव्ही नव्हता. शेजार नव्हता. संध्याकाळी शेकोटी पेटली की बिल गिटार काढायचा आणि गायचा. हँक विल्यम्स, जिमी रॉजर्स, कार्टर फॅमिली, ग्रॅम पार्सन्स, एमिलू हॅरिस, सगळे अमेरिकेतले. कंट्री संगीत हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचं आणि मजुरांचं गाणं म्हणून ओळखलं जातं, जरी त्यात काळ्या गायकांचा ब्लूज सुरुवातीपासून मुरलेला आहे. जिमी रॉजर्स हा मिसिसिपीचा रेल्वे कामगार, 1927 मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका झाली आणि 1933 मध्ये तो क्षयानं गेला. त्याची गाणी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका शिकाऱ्याच्या मुलांना तोंडपाठ व्हावीत यात नवल मात्र फारसं नाही. रेल्वे, लांबचा रस्ता, घर सोडलेला माणूस, रात्रीचं एकटेपण, हे सगळं त्यांच्या अवतीभवती होतंच. गाण्यातला भूगोल तेवढा परका होता.

1980 च्या दशकात युरोपात फरविरुद्ध वातावरण तापलं, बाजार बसला आणि 1986 च्या सुमारास कुटुंब कायमचं साउथएंडला परतलं. बिल पुन्हा मासेमारीकडे वळला आणि बरोबरीनं आसपासच्या गावांत गाऊ-वाजवू लागला. अकरा वर्षांची केसी त्याच्याबरोबर गायला उभी राहिली. हळूहळू सगळं घरच बँड झालं. बिल गिटारवर, डायन बेस गिटारवर, केसी आणि नॅश गायला. नॅशचं लक्ष गाण्याइतकंच ध्वनियंत्रणेत गुंतलेलं असायचं, आणि ही गोष्ट पुढे मोलाची ठरली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या घरगुती ताफ्याला डेड रिंगर बँड हे नाव मिळालं.

सुरुवातीला हा कव्हर बँडच होता. कव्हर बँड म्हणजे काय हे मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. गणपतीत, सोसायटीच्या पटांगणात लता-किशोरची गाणी सादर करणारा आपला ऑर्केस्ट्रा आठवावा. गाणी गाजलेली, गायक अनोळखी, आणि श्रोत्यांना हवं असतं ते ओळखीचंच. फरक जागेचा. ऑस्ट्रेलियात हे सगळं चालतं पबमध्ये.

ऑस्ट्रेलियातला पब आणि संगीत यांचं नातं कायद्यानं घडवलेलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियासह अनेक राज्यांत संध्याकाळी सहाला पब बंद करण्याचा नियम आला. पाचला काम सुटलेले पुरुष तासाभरात पोटात मावेल तेवढी बिअर रिचवायचे, की मग घरी. त्यात गाण्याला वेळ कुठला? हा नियम न्यू साउथ वेल्समध्ये 1955 ला, व्हिक्टोरियात 1966 ला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात 1967 ला उठला. रात्री उशिरापर्यंत पब उघडे राहू लागले, बायकाही येऊ लागल्या, आणि गिऱ्हाईक धरून ठेवायला मालकांना बँडची गरज भासू लागली. एसी/डीसी, कोल्ड चिझल, मिडनाइट ऑइल ही ऑस्ट्रेलियन रॉकची सगळी मातबर मंडळी त्या दालनांतून घडली. त्यांच्या मागे, कुणाला नावही ठाऊक नसलेले शेकडो कव्हर बँड शुक्रवार-शनिवारी वाजवत राहिले.

अशा रात्रीचा एक ठराविक साचा असतो. तीन सेट, प्रत्येकी पाऊण-एक तासाचा. पहिल्या सेटच्या वेळी लोक जेवत असतात; काट्या-चमच्यांचा आवाज, कोपऱ्यातल्या पडद्यावर घोड्यांच्या शर्यती, आणि टाळ्या मिळाल्याच तर दोन-चार. दुसऱ्या सेटला नेहमीचे लोक काउंटरवरून वळून बघायला लागतात. कुणीतरी ओरडून फर्माईश करतं, आणि ते गाणं येत नसेल तरी येतं असं दाखवावं लागतं. तिसऱ्या सेटला अर्धा पब नाचतो. उरलेले एवढे प्यालेले असतात की त्यांना गाणं ऐकूच येत नाही. गायकाला या तिन्ही गर्दींशी तीन वेगळ्या पद्धतींनी वागावं लागतं. कोणतं गाणं कधी काढायचं, हळुवार गाण्याची जोखीम किती वेळा घ्यायची, आवाज बसलेला असताना स्वर अर्ध्या पट्टीनं कसा उतरवायचा, चुकलं तर चेहऱ्यावर दिसू न देता बरोबरच्यांना कसं सांभाळून घ्यायचं, हे कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. केसीला वयाच्या विशीपर्यंत हे सारं अंगवळणी पडलं होतं.

दुसरं शिक्षण याहून खोल होतं. कंट्रीचं चांगलं गाणं फार थोड्या सामानावर उभं असतं. तीन, फार तर चार कॉर्ड. साधे शब्द. पहिल्या कडव्यात माणूस आणि जागा, दुसऱ्यात अडचण, आणि दर वेळी परत येणारं धृपद असं बांधलेलं की शब्द तेच राहून अर्थ सरकतो. तिसऱ्यांदा ते धृपद ऐकताना आपण पहिल्या वेळी ऐकलं तेच ऐकतो आहोत का, असा प्रश्न पडतो. हँक विल्यम्स 29 व्या वर्षी गेला, पण ही बांधणी त्यानं अशी पक्की करून ठेवली की तिच्यात बसवलेलं गाणं सत्तर वर्षांनीही हलत नाही. अशी शेकडो गाणी हजारदा गायलेल्या मुलीला गाणं कसं बांधतात हे कुणी सांगावं लागत नाही. सुताराच्या घरच्या पोराला रंधा हातात धरायला शिकवतात का? तसलीच ही गोष्ट.

डेड रिंगर बँडनं नुसती कव्हर्स गाण्यापलीकडे मजल मारली. त्यात बिलची स्वतःची गाणी हळूहळू शिरली. 1993 मध्ये ‘रेड डेझर्ट स्काय’ आला, 1995 मध्ये ‘होम फायर्स’, 1997 मध्ये ‘लिव्हिंग इन द सर्कल’, 1998 मध्ये ‘होपव्हिल’. ‘होम फायर्स’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा आरिया पुरस्कार मिळाला. आरिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या संगीत उद्योगातला सर्वांत मोठा मान. ॲडलेडची बेकी कोल, जी पुढे स्वतः नामांकित गायिका झाली, तीही काही काळ या बँडमध्ये होती.

कंट्री गाणाऱ्या कोणत्याही ऑस्ट्रेलियनाप्रमाणे त्यांचीही पंढरी टॅमवर्थ. न्यू साउथ वेल्समधलं हे मध्यम आकाराचं गाव दर जानेवारीत गर्दीनं फुलून जातं. भर उन्हाळ्यात पील स्ट्रीटच्या दुतर्फा पदपथावर गाणारे उभे असतात, आणि दोन गायकांमधलं अंतर इतकं कमी की एकाचं धृपद दुसऱ्याच्या कडव्यात मिसळतं. 1973 पासून इथे गोल्डन गिटार पुरस्कार दिले जातात. गावाच्या वेशीवर 12 मीटर उंचीची सोनेरी गिटार आहे. 1988 मध्ये तिचं अनावरण स्लिम डस्टीनं केलं. 1957 सालच्या ‘अ पब विथ नो बिअर’ या गाण्यानं ऑस्ट्रेलियन कंट्रीला स्वतःचा चेहरा देणारा हा गायक, त्याला ज्या सन्मानानं तिथे आठवलं जातं त्याला तोड नाही. याच टॅमवर्थमध्ये स्टार मेकर नावाची नवोदितांची स्पर्धा असते. 1990 ची स्पर्धा क्वीन्सलंडच्या कॅबूल्चर गावातल्या एका मुलानं जिंकली. त्यानं पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती आणि तोही कव्हर बँडमध्येच वाजवत वाढला होता. तो कीथ अर्बन. त्याला दिसत होतं ते नॅशव्हिल, कंट्रीची अमेरिकेतली राजधानी. तो अमेरिकेत गेला, अमेरिकन कंट्रीचा तारा झाला.

केसी गेली नाही. आणि तिच्या गळ्यातली बोलीही गेली नाही.

1998 मध्ये बिल आणि डायन वेगळे झाले. घर आणि बँड एकच असल्यामुळे घर मोडलं तसा बँडही मोडला. बावीस वर्षांच्या केसीपाशी तेव्हा काय होतं? स्वतः लिहिलेल्या गाण्यांची वही होती, आणि भाऊ होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये नॅशनं तिचा पहिला एकटीचा अल्बम नॉर्फोक बेटावर ध्वनिमुद्रित केला. हे बेट प्रशांत महासागरात, मुख्य भूमीपासून चौदाशे किलोमीटरहून अधिक दूर. सगळं मिळून पस्तीसेक चौरस किलोमीटर. बाउंटी जहाजावरच्या बंडखोर खलाशांचे वंशज 1856 मध्ये पिटकेर्न बेटावरून इथे येऊन वसले, त्यांची बोली अजून बेटावर ऐकू येते. सिडनीचे स्टुडिओ, टॅमवर्थची स्पर्धा आणि नॅशव्हिलची चमक या तिन्हींपासून इतकं लांब जाऊन पहिला अल्बम करणं हे मला त्या भावंडांच्या शहाणपणाचं वाटतं. कुणी येऊन गाणं गुळगुळीत करू शकणार नव्हतं.

अल्बमचं नाव ‘द कॅप्टन’. एकल अल्बम म्हणायचा तो मुखपृष्ठावर एकच नाव आहे म्हणून. निर्माता नॅश. गिटारवर बिल. अमेरिकेतले बडी मिलर आणि ज्युली मिलर हे कंट्रीतलं जाणतं दांपत्यही त्यात आहे. म्हणजे आईबापांच्या ताटातुटीनंतर जे उरलं त्यातूनच ही मुलगी एकटी उभी राहिली. बाप आता मुख्य गायक नव्हता, मुलीच्या मागे उभा राहून वाजवणारा होता. भाऊ आता काचेपलीकडे बसून काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवत होता. कव्हर बँडमधून एकटीच्या गाण्याकडे जाणं म्हणजे आपली माणसं सोडून जाणं, हा समज इथे खोटा ठरतो. माणसं तीच राहिली, जागा बदलल्या.

शीर्षकगीत ऐकताना पहिल्यांदा लक्ष जातं ते आवाजाकडे. बारीक, किंचित नाकातला, कोवळ्या मुलीसारखा. वरच्या सुरात जाताना तो फुटतो की काय असं वाटतं आणि फुटण्याच्या काठावर तो थांबतो. गिटार संथ. मागे फारसा गोंगाट नाही. गाण्यात एक बाई आपली सगळी सूत्रं दुसऱ्याच्या हाती देऊन टाकते, आणि ते प्रेम आहे की हार, याचा निर्णय गाणं देत नाही. हाच गळा एमिलू हॅरिसचं गाणं म्हणायचा तेव्हा श्रोता नकळत मूळ आवाजाशी तुलना करायचा, आणि त्या तुलनेत हा गळा लहान ठरणारच. स्वतःच्या गाण्यात तुलनाच संपली. जो कच्चेपणा उसन्या गाण्यात उणा वाटायचा तो इथे गाण्याचा आशय झाला. कसलेल्या, पक्व आवाजानं हे गाणं म्हटलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

‘सदर्न काइंड ऑफ लाइफ’मध्ये तिनं बालपण सांगितलं आहे, आणि सांगताना त्याचं कौतुक करून घेतलेलं नाही. या संयमाचं मूळ मला पबमध्ये दिसतं. तिसऱ्या सेटला कुणालाही तुमच्या बालपणाशी देणंघेणं नसतं. थोडक्यात सांगा, चालीत सांगा, नाहीतर लोक पाठ फिरवतात.

ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीनं अल्बम 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात बाजारात आणला. सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा आरिया मिळाला. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट गायिकेचाही मिळाला, आणि तो कंट्रीपुरता नव्हता, सगळ्या प्रकारांमधून होता. 2000 मध्ये अल्बम अमेरिकेत गेला. एप्रिल 2001 मध्ये ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन मालिकेच्या एका भागाच्या शेवटी शीर्षकगीत वाजलं. न्यू जर्सीतल्या माफियाच्या गोष्टीला नलारबॉरच्या पोरीचं गाणं जोडावंसं कुणाला तरी वाटलं, आणि ते जोडलं गेलं.

पण घरचा रेडिओ? ऑस्ट्रेलियात व्यापारी नभोवाणी केंद्रांना स्थानिक संगीताचा ठराविक वाटा वाजवावा लागतो; रॉक-पॉप वाजवणाऱ्या मोठ्या केंद्रांसाठी तो 25 टक्के आहे. या वाट्यात कंट्रीला मात्र शहरांतली केंद्रं जागा देत नव्हती. गावाकडचं गाणं, नाकातला आवाज, असा शिक्का. पुरस्कार मिळत होते, सभागृहं भरत होती, रेडिओवर गाणं नाही. त्या चिडीतून केसीनं एक गाणं लिहिलं: ‘नॉट प्रिटी इनफ’. नाकारल्या गेलेल्या माणसाचे साधे प्रश्न त्यात एकामागून एक येतात. ते उद्देशून होते रेडिओला. ऐकणाऱ्यांना ते प्रेमात डावलल्या गेलेल्या मुलीचे वाटले, आणि तसे वाटले म्हणूनच ज्यांना उद्देशून लिहिले होते त्यांनीच ते वाजवायला घेतले.

इथे कव्हर बँडच्या शाळेचा धडा लख्ख दिसतो. राग व्यक्तिगत होता आणि कारण धंद्याचं होतं, तरी गाण्यात ना रेडिओचं नाव आहे ना धंद्याचं. जुन्या कंट्री गाण्यांत असंच असतं. दुःख कुणाचं ते गाणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याला ते आपलंच वाटायला हवं. एवढी मोकळी जागा ठेवायला तिला हँक विल्यम्सनं शिकवलं होतं.

2002 च्या सुरुवातीला ‘नॉट प्रिटी इनफ’ ऑस्ट्रेलियाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते ज्या अल्बममधलं, तो ‘बॅरिकेड्स अँड ब्रिकवॉल्स’ 2001 मध्येच आला होता. तोही त्याच वेळी अल्बमच्या यादीत पहिला होता. एकाच वेळी दोन्ही याद्यांच्या शिखरावर असलेली ती पहिली ऑस्ट्रेलियन कंट्री कलावंत. हा अल्बम सात वेळा प्लॅटिनम झाला. तिथे एका प्लॅटिनमचा अर्थ 70 हजार प्रती. त्या वर्षी आरियाचा सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान, रॉक आणि पॉपच्या सगळ्या दिग्गजांना मागे टाकून, या कंट्री अल्बमला मिळाला.

हा अल्बम नीट ऐकला की एक गंमत लक्षात येते. यशाच्या ऐन उंचीवरही तिनं जुनं ऋण झाकलेलं नाही. त्यात ग्रॅम पार्सन्सचं एक गाणं आहे, शेकोटीभोवतीच्या त्या ग्रॅम पार्सन्सचं. ‘ऑन अ बॅड डे’मध्ये लुसिंडा विल्यम्स तिच्या साथीला गायली आहे, जिची गाणी ऐकत वाढायचं ती एक दिवस आपल्या गाण्यात मागून सूर देते, यापरतं समाधान कोणतं? आणि ‘नलारबॉर साँग’ही इथेच आहे. म्हणजे मैदान, उसनं गाणं आणि गुरू तिघंही एका अल्बमात.

ज्या पबमधून ती घडली ते पब दरम्यान बदलत होते. न्यू साउथ वेल्समध्ये क्लबांना जुगाराची यंत्रं ठेवायला 1956 पासूनच परवानगी होती. 1990 च्या दशकात ती यंत्रं पबमध्येही सर्रास शिरली. तिथे त्यांना लाडानं पोकी म्हणतात. मालकाच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. बँडला पैसे मोजावे लागतात, यंत्र पैसे देतं. तेव्हा रंगमंचाची जागा यंत्रांना दिलेली बरी. सिडनीच्या द व्हिटलॅम्स या बँडनं ‘ब्लो अप द पोकीज’ हे गाणं याच रागातून आणि जुगारानं पोखरलेल्या एका जवळच्या साथीदाराच्या दुःखातून केलं. रंगमंच गेले की नुसती गाणी जात नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीनं बापाशेजारी उभं राहून, चुकत, ओरडून घेत, गर्दीकडे बघायला शिकायचं ठिकाण जातं. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण ते फार मोठं आहे.

आता नवे गायक रस्त्यावरून येतात. मॉर्निंग्टन द्वीपकल्पातली टोनी वॉटसन, म्हणजे टोन्स अँड आय, दुकानातली नोकरी सोडून बायरन बेच्या पदपथावर गायला बसली. तिचं ‘डान्स मंकी’ 2019-20 मध्ये ऑस्ट्रेलियात 24 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ते गाणंही रस्त्यावरच्या गर्दीबद्दलच आहे: पुन्हा गा, अजून एकदा गा, असा लकडा लावणाऱ्या गर्दीबद्दल. तीन सेटची रात्र गेली, तरी गर्दीकडून शिकणं टिकून आहे.

केसीची त्यानंतरची वाटचाल लांब आहे, सगळी इथे सांगण्यात अर्थ नाही. 2004 चा ‘वेवर्ड एंजल’ थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. 2006 मध्ये ‘कार्निव्हल’ आला. 2008 मध्ये पती शेन निकोल्सनबरोबर केलेला ‘रॅटलिन बोन्स’ आला, आणि तो तिच्या उत्तम कामांत मोडतो; दोघांचे आवाज एकमेकांना इतके चिकटून जातात की जुन्या कार्टर फॅमिलीची आठवण यावी. पुढे ते लग्न टिकलं नाही. ‘बिटरस्वीट’ 2014 मध्ये नॅशशिवाय झाला, पहिल्यांदाच.

मला थांबावंसं वाटतं ते 2011 पाशी. त्या वर्षी ‘अ लिटल बर्ड टोल्ड मी’ हे तिचं आत्मकथन आलं, आणि त्याच्या जोडीनं ‘स्टोरीबुक’ हा अल्बम. हा अल्बम पूर्णपणे दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे. लुसिंडा विल्यम्स, फ्रेड ईगलस्मिथ, आणि असे कितीतरी जण, ज्यांनी तिला घडवलं. आत्मकथा लिहिताना आयुष्य सांगायचं तर ती उसनी गाणीही सांगावी लागतात, असं तिला वाटलं. स्वतःच्या गाण्यांवर नाव कमावलेल्या कलावंतानं कव्हर्सकडे परत जाणं याला पुष्कळदा लिहिणं आटल्याची खूण मानतात. इथे ते हिशेब चुकता करण्यासारखं आहे, आणि मोठ्या मनाचं.

एका काळात गळाच जातो की काय अशी वेळ आली. तिच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. 2015 मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही काळ बोलणंही बंद. लहानपणापासून न थांबता गात आलेल्या बाईला गप्प बसायला लावणं सोपं नसणार. आवाज परत आला तो अधिक मोकळा होऊन, आणि 2017 मध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’ हा दुहेरी अल्बम आला. त्याच्या निर्मितीत नॅशबरोबर पॉल केली होता. ऑस्ट्रेलियाच्या गीतकारांत ज्याच्या नावाला सगळे मान देतात तो हा पॉल केली. 2018 मध्ये तिचा ‘कॅम्पफायर’ आला, बिलला आणि ब्रूमच्या ॲलन पिग्रमला बरोबर घेऊन, मोजक्याच वाद्यांवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनीत तिला आरियाच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. तेव्हा ती 42 वर्षांची होती. हा सन्मान जाहीर करायला मंचावर पॉल केली आला होता.

2022 मध्ये न्यूकॅसलच्या सिव्हिक थिएटरमधल्या कार्यक्रमाचं एक चित्रीकरण जगभर फिरलं. त्यात केसी चेंबर्स एमिनेमचं ‘लूझ युअरसेल्फ’ म्हणते. हे गाणं 2002 चं, म्हणजे ज्या वर्षी ती आपल्या देशात शिखरावर होती त्याच वर्षीचं, डेट्रॉइटच्या रॅपरचं, ऑस्कर मिळवलेलं. ती ते बँजोवर सुरू करते. सुरुवातीला जवळपास बोलल्यासारखी, पुढे एकेक वाद्य सामील होत जातं, लय चढते, आणि शब्दांचा तो प्रचंड ओघ त्या बारीक, नाकातल्या, दक्षिण ऑस्ट्रेलियन बोलीच्या गळ्यातून कुठेही न अडखळता बाहेर पडतो. रॅपरची नक्कल ती करत नाही. गाण्यातला माणूस, ज्याला एकच संधी मिळणार आहे आणि ज्याच्या पोटात भीतीचा गोळा आलेला आहे, तो तिला ओळखीचा आहे. त्या माणसाला ती नलारबॉरच्या मुलखात आणून उभं करते, आणि मूळ गाणं आठवणारा श्रोताही ते बाजूला ठेवून हे ऐकू लागतो.

विशीत तिनं हे गायलं असतं तर जमलं नसतं. तेव्हा तिला गाणं दुसऱ्यासारखं म्हणता येत होतं. दुसऱ्याचं गाणं आपल्यासारखं म्हणायला आधी आपलं काहीतरी असावं लागतं, आणि ते नॉर्फोक बेटापासून पुढे पंचवीस वर्षांत जमत गेलं. 2024 मध्ये ‘बॅकबोन’ हा तिचा नवा अल्बम आला तेव्हा तिनं लिहिलेल्या गाण्यांच्या सोबतीला एमिनेमचं हे गाणंही, न्यूकॅसलच्या त्या थिएटरात टाळ्यांसकट ध्वनिमुद्रित झालं तसंच, तिनं त्यात घेतलं.